केनियाला दुर्बिणी न्यायच्या आहेत: हातात की चेक-इनमध्ये?

शिवडीकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं मुंबईहून केनियाला जातोय. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८. नैरोबीत एक मुक्काम, मग विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मसाई मारा. दुर्बिणींची परिस्थिती अशी:

पहिली ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), रूफ प्रिझम म्हणजे सरळ नळ्यांची, वॉटरप्रूफ, आत नायट्रोजन भरलेला. पट्ट्यासकट ७५० ग्रॅम. इथेच घेतलेली, बिल आहे.

दुसरी घरातली जुनी ७×५० पोरो, म्हणजे रुंद खांद्यांची, जवळजवळ किलोची. कंपनीचं नाव कुठेच नाही, बाणाची खूण आणि एक नंबर कोरलाय. उजव्या नळीतून बघितलं की मोजपट्टीसारख्या बारीक रेघा दिसतात. बहुधा चोरबाजारातून आलेली.

तिसरी अजून घ्यायचीय. कॅननची १०×३२ आयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी) डोक्यात आहे. दुबईमार्गे गेलो तर जाताना तिथेच घ्यावी का?

आता प्रश्न. केबिनमध्ये माणशी ७ किलो, त्यात दुर्बिणी घातल्या तर बाकीचं कुठे? सीआयएसएफवाले अडवतात का? विमानात हवेचा दाब कमी झाला की वॉटरप्रूफ दुर्बिणीचं सील जातं असं एकाने सांगितलं, ते खरं का? तिकिटाचे तीन पर्याय समोर आहेत: थेट नैरोबी, अदिस अबाबामार्गे (आम्हाला हे स्वस्त पडतंय), दुबईमार्गे. दुर्बिणीच्या दृष्टीने काही फरक पडतो का? आणि परत येताना कस्टम्सला काय दाखवायचं?


खाडीपार

तिकीट काढलं नसेल तर आधी तेवढंच ठरवा. बाकी सगळं नंतर निस्तरता येतं.

केनियात दुर्बीण नेण्यात काहीही अडचण नाही. इथिओपियाचं तसं नाही. तिथे दुर्बीण ही संवेदनशील वस्तू धरतात, आणि परवानगीच्या कागदाविना आणलेली दुर्बीण विमानतळावरच अडकून पडल्याच्या तक्रारी पक्षी बघायला जाणाऱ्यांत जुन्या आहेत. तुम्ही देशात शिरणार नाही, फक्त विमान बदलणार, हे कबूल. पण विमान बदलतानाही हातातली बॅग पुन्हा एक्स-रेतून जाते आणि समोरचा अधिकारी कोणत्या मूडमध्ये आहे यावर तुमची सहल अवलंबून ठेवायची काय गरज? त्या मार्गानेच जायचं झालं तर दुर्बिणी मुंबईत चेक-इन करा आणि टॅगवर शेवटचं ठिकाण एनबीओ (नैरोबीचा कोड) छापलंय ना, हे काउंटर सोडायच्या आधी स्वतः वाचा. मात्र मग चेक-इनचे सगळे धोके गळ्यात. मुंबई–नैरोबी थेट उड्डाण साधारण सहा तासांचं आहे, माझं मत त्यालाच. इजिप्तचीही हीच तऱ्हा, पुढेमागे नाईलवर जायचा बेत असेल तर ध्यानात असू द्या.

आता वजन. माणशी ७ किलो म्हणजे तुम्हा चौघांचे २८ किलो. दोन वर्षांवरच्या मुलाचं स्वतंत्र तिकीट असतं, त्याला केबिन बॅगही पूर्ण मिळते, हे बरेच जण विसरतात. मुलांच्या बॅगेत कपडे, तुमच्या बॅगेत काच. वर बहुतेक कंपन्या एक छोटी पर्स किंवा लॅपटॉप बॅग वेगळी चालवून घेतात, पण तिचं वजन किती चालेल हे कंपनीगणिक बदलतं, तिकिटाच्या पानावर बघा. काउंटरवर वजन होतं ते बॅगेचं. गळ्यातली दुर्बीण किंवा जॅकेटच्या खिशातली ८×२५ कोणी काट्यावर ठेवायला सांगत नाही.

पण खरी अडचण मुंबईत नाही, विल्सनला आहे. माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी १५ किलो, तेही हातातलं धरून. आणि बॅग मऊ कापडाची लागते, कारण विमानाच्या पोटातल्या कप्प्यात कडक कवचाची चाकवाली बॅग वळवून बसवता येत नाही. म्हणजे मुंबईहून दोन दोन मोठ्या ट्रॉल्या घेऊन निघालात तर त्या नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जावं लागेल. आधीच मऊ डफल घ्या. मग दुर्बीण त्या डफलमध्ये टाकायचा मोह होईल. टाकू नका. डफलला दोन्ही बाजूंनी कसलाच आधार नसतो आणि कच्च्या धावपट्टीवर तिच्यावर आणखी चार डफल पडलेल्या असतात.

जाता जाता: केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे. दुर्बीण पावसापासून वाचवायला बिग बझार छाप पिशवीत गुंडाळायची आपली सवय इथेच सोडा, छोटी ड्रायबॅग घ्या.


मिलिमीटर

दाबाचं सांगतो. केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असतो तितका खाली येतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण ७५ टक्के. मुंबईत वातावरणाच्या दाबाला भरलेल्या नळीत आणि बाहेर एक चतुर्थांश वातावरणाचा फरक पडला. अडीच मीटर पाण्याखाली तेवढाच फरक पडतो, फक्त उलट्या दिशेने. बऱ्या वॉटरप्रूफ दुर्बिणीच्या ओ-रिंगला (सील करणाऱ्या रबरी कडीला) हे काहीच नाही. सामानाचा कप्पाही त्याच दाबाला असतो, त्यामुळे सीलच्या बाबतीत हातातली आणि चेक-इनमधली असा भेदही नाही. ज्याने तुम्हाला सांगितलं त्याची ओ-रिंग आधीच वाळलेली असणार.

जुन्या पोरोचं वेगळं. तिला सील नाही, ती श्वास घेते. वर जाताना आतली हवा बाहेर, मुंबईत उतरताना इथली दमट हवा आत. एका प्रवासाने काही होत नाही, पण परत आल्यावर ती तशीच कपाटात गेली तर पुढच्या पावसाळ्यात प्रिझमवर बुरशीची जाळी दिसेल. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. त्याखाली फार नेऊ नका, जुनं ग्रीस आणि रबर कोरडं पडतं.

दुर्बिणीला मारतो तो धक्का. आत प्रत्येक नळीत प्रिझम असतं, ते क्लिप, चिकटवण किंवा बारीक स्क्रूंनी जागेवर धरलेलं. दोन्ही नळ्यांची नजर एका रेषेत असेल तरच मेंदू दोन चित्रांचं एक करतो. सामान पट्ट्यावरून खाली आदळलं, प्रिझम केसभर सरकलं, की दुर्बीण बाहेरून कोरी करकरीत आणि दहा मिनिटं बघितलं की कपाळ दुखायला लागतं. माणसाला वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. पोरोमध्ये हे जास्त होतं, कारण तिची मोठी प्रिझमं रुंद खांद्यांत बसवलेली असतात आणि मार नेमका खांद्याला बसतो.

निघायच्या आधी आणि पोचल्यावर ही तपासणी करा. तुम्ही शिवडीचेच दिसता, तर जेट्टीवर जा. दुर्बीण कठड्यावर किंवा बॅगेवर टेकवा, अटल सेतूच्या कठड्याची आडवी रेघ फोकस करा. आता नजर तिथेच ठेवून डोकं सावकाश मागे घ्या, डोळा आणि आयपीस (डोळ्याकडचं भिंग) यांत पाच ते दहा सेंटिमीटर अंतर पडू द्या. एका वर्तुळाची दोन होतील. दोन्ही वर्तुळांत ती रेघ एकाच उंचीवर दिसली तर प्रश्न नाही. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असेल तर उभ्या दिशेतला दोष आहे, आणि तो डोळ्यांना अजिबात झेपत नाही. आडव्या दिशेत थोडं इकडेतिकडे असलं तर डोळे सांभाळून घेतात. दोष सापडला तर रबराखालचे स्क्रू स्वतः फिरवू नका. ते एकमेकांशी बांधलेले असतात, एक सुधारला की दुसरं बिघडतं.

चेक-इनमध्ये घालायचीच वेळ आली तर: आयकप (डोळ्याकडच्या रबरी कड्या) आत फिरवून घ्या, पुढची-मागची झाकणं लावा, पट्टा काढून वेगळा ठेवा (त्याचं बकल काचेवर घासतं), दुर्बीण तिच्या केसमध्ये, केस दोन जाड स्वेटरमध्ये, आणि ते गाठोडं बॅगेच्या बरोबर मध्यभागी. सहाही बाजूंना किमान चार बोटं मऊ कपडा हवा. बूट आणि चार्जर तिच्या शेजारी नकोत. दुर्बीण उभी ठेवा, भिंगाचं तोंड बॅगेच्या चाकांकडे नको, कारण बॅग फेकली की चाकांवरच पडते.


दादरबस

एवढं कशाला? कडक प्लास्टिकची फोमवाली पेटी घ्या, कुलूप लावा, चेक-इन करा. कॅमेरावाले तेच करतात.


खाडीपार

कॅमेरावाले लाइट स्टँड आणि ट्रायपॉड चेक-इन करतात, भिंगं नाही. शिवाय विल्सनला कडक पेटी चालणार नाही हे वर लिहिलंय. आणि कुलपाचं म्हणाल तर असली पेटी पाहिली की आत महाग माल आहे हे अख्ख्या बेल्टला कळतं.

भरपाईचंही ऐकून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली किंवा मोडतोड झाली तर माँट्रियल करार लागू होतो. त्यातली कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, ढोबळ दोन हजार डॉलर. ही मर्यादा माणशी आहे, बॅगेमागे नाही, आणि अख्ख्या सामानासाठी आहे. वर कंपन्यांच्या अटींत नाजूक आणि मौल्यवान वस्तू चेक-इन करू नयेत असं छापलेलं असतं, भांडायला ते वाक्य त्यांच्या कामी येतं. मोडतोड झाली तर बेल्टवरूनच काउंटरला जाऊन पीआयआर नावाचा अहवाल लिहून घ्यायचा आणि लेखी तक्रार सात दिवसांच्या आत. आठव्या दिवशी कोणी ऐकत नाही. प्रवास विम्याच्या कागदातही ऑप्टिकल वस्तूंचं कलम शोधा, तिथे बहुतेकदा एका वस्तूमागे वेगळी कमी मर्यादा दडलेली असते.


सहारकर

मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलच्या सिक्युरिटीचं.

दुर्बीण हातात चालते, बंदी घातलेल्या वस्तूंत ती नाही. तरी बॅग बाजूला काढली जाते, कारण प्रिझमची काच बेरियमवाली, दाट असते. एक्स-रेच्या पडद्यावर दोन काळे ठोकळे आणि भोवती धातूच्या नळ्या दिसतात, चार्जरची वायर त्यावर आडवी आली तर चित्र आणखीच गचाळ. म्हणून लॅपटॉपसारखीच दुर्बीण केसमधून काढून वेगळ्या ट्रेमध्ये, झाकणं काढून ठेवा. तपासणाऱ्याने विचारलं तर ‘दुर्बीण आहे, बघून घ्या’ इतकंच. कापडी पट्टी फिरवून स्फोटकांची चाचणी करतात, मिनिटभराचं काम. छातीवरचा हार्नेस आधीच काढा, त्याच्या धातूच्या कड्या दारात वाजतात आणि मग तुम्ही हात वर करून उभे आणि दुर्बीण पट्ट्यावर एकटी पुढे गेलेली. चौघे आहात तर एक मोठं माणूस आधी पलीकडे पाठवा.

सोबतच्या सामानात जास्त गफलती होतात:

भिंग पुसायचं द्रावण १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटलीत, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली २०० मिलिलिटरची बाटली चालत नाही, बाटलीवर छापलेला आकडा धरतात. रबरी फुगा चालतो. दाबलेल्या हवेचा कॅन ना हातात, ना चेक-इनमध्ये.

आयएस घेणार असाल तर सेल बघा. कॅननच्या १०×३०, १०×४२ आयएसला दोन साधे पेन्सिल सेल लागतात, तुमच्या १०×३२ ला एक सीआर१२३ए लिथियम. दुर्बिणीत बसवलेला सेल राहू द्या. सुटे सेल फक्त हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात किंवा दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून. नाणी आणि किल्ल्यांच्या कप्प्यात सुटा सीआर१२३ए टाकला तर टोकं जुळून तापतो. पॉवरबँकही हातातच, १०० वॉट-अवरपर्यंत विचारायची गरज नाही, १०० ते १६० ला कंपनीची मंजुरी. हे चेक-इन बॅगेत सापडलं तर बॅग खाली थांबते, तुमच्या नावाचा पुकारा होतो आणि ती उघडून काढेपर्यंत विमानाची वेळ होते. आणि रिचार्ज होणारा त्याच आकाराचा सेल सीआर१२३ए च्या जागी घालू नका. साधा ३ व्होल्टचा, तो ३.७ चा. चार सेल इथूनच न्या, माराच्या कॅम्पमध्ये मिळतील या भरवशावर राहू नका.

ट्रायपॉड, ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, चाकूवालं बहुउपयोगी हत्यार: सगळं चेक-इनमध्ये.

जंगलात जाणारे हल्ली उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नेतात. भारतात परवान्याशिवाय ते जवळ बाळगणंच गुन्हा आहे, मुंबईतून जाताना आणि परत येताना दोन्हीकडे अंगाशी येईल. नाइट व्हिजन किंवा थर्मल दुर्बीण कोणी भाड्याने देतो म्हणाला तरी नको, त्या निर्यात-नियंत्रणाखाली येतात.

आणि विमानतळावर दुर्बीण डोळ्याला लावू नका. ना टी-२ च्या काचेतून, ना विल्सनच्या धावपट्टीवर. ग्रीसमध्ये २००१ साली विमानांच्या नोंदी करणारे बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी लोक हेरगिरीच्या आरोपाखाली धरले गेले, २००२ च्या एप्रिलमध्ये शिक्षा झाली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात सुटले. दरम्यान वर्ष गेलं.


गोरेगावची मैना

सहारकर +१. फक्त एक भर: दुर्बिणीचा पट्टा किंवा पिशवी लष्करी हिरव्या छपाईची असेल तर बदला. युगांडा, झांबिया, झिंबाब्वे अशा देशांत साध्या नागरिकाने ती छपाई वापरणं बेकायदा आहे. साधा काळा किंवा खाकी.


शिवडीकर

सगळ्यांचे आभार. थेट नैरोबीचंच तिकीट काढतो, अदिस बाद. म्हणजे दुबईत खरेदीचाही प्रश्न मिटला.

राहिलं ते जुन्या ७×५० चं आणि कस्टम्सचं. आणि मुलाचं: ८×४२ मधून त्याला ‘दोन गोल दिसतात’ म्हणतो. आत्ताच जेट्टीवर जाऊन तपासलं, मला रेघ एकाच उंचीवर दिसते, म्हणजे दुर्बिणीत दोष नसावा.


नोंदवही

दुबई बाद केलीत ते उत्तम, तरी पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. जाताना तिथे घेतलेली दुर्बीण आठवडाभर वापरून परत आणली तरी कस्टम्सच्या लेखी ती परदेशात मिळवलेलीच वस्तू. २०१६ च्या बॅगेज नियमांत माणशी ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती आणि वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी, त्यावर अधिभार, मिळून ३८.५ टक्के. हे आकडे सरकार बदलत असतं, निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवरचा चालू आकडा बघून घ्या. न बदलणारी गोष्ट अशी की कुटुंबाची सूट एकत्र करता येत नाही. लाखाची एक दुर्बीण नवरा-बायकोत अर्धी अर्धी वाटता येत नाही. आधीच जाहीर करायचं असेल तर ‘अतिथी’ नावाचं कस्टम्सचं ॲप आहे.

इथून नेलेल्या वस्तूचं. वापरातली, झिजलेली ८×४२ गळ्यात घालून ग्रीन चॅनेलमधून येणाऱ्याला कोणी थांबवत नाही. तरी दोन कागद फोनमध्ये हवेत: जीएसटीचं बिल आणि सिरियल नंबरचा स्पष्ट फोटो. नंबर बहुधा दोन नळ्यांना जोडणाऱ्या बिजागराच्या खालच्या बाजूला किंवा ट्रायपॉडच्या आट्याच्या झाकणाजवळ कोरलेला असतो. बिलावर तोच नंबर आहे का तेही बघा. दुकानदार कित्येकदा नुसतं मॉडेल लिहितो, मग त्या बिलाने ही दुर्बीण ‘तीच’ आहे हे ठरत नाही. नवी आयएस फोर्टातल्या बोरा बझारात घेणार असाल तर नंबर बिलावर लिहून शिक्का मारून घ्या, दोन मिनिटांचं काम.

नवी कोरी आणि महाग असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं. वस्तू, मेक, सिरियल नंबर, किंमत लिहून अधिकारी सही-शिक्का देतो, परत येताना ते दाखवलं की वाद संपला. अट एकच, अधिकाऱ्याला वस्तू प्रत्यक्ष दिसली पाहिजे आणि नंबर जुळला पाहिजे. म्हणजे दुर्बीण चेक-इन बॅगेत घालून बॅग सोडून दिलीत आणि मग टेबलाशी गेलात तर हात हलवत परत याल. त्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त धरून निघा, आणि कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर त्याच कागदावर तीही चढवा.


मिलिमीटर

७×५० घरी ठेवा. दोन कारणं, आणि दोन्ही पुरेशी.

बाणाची खूण ही सरकारी मालावरची जुनी इंग्रजी खूण आहे आणि आतल्या रेघा कोनावरून अंतर काढायची मोजपट्टी. म्हणजे ती लष्करातून किंवा जहाजावरून आलेली, कागद नसलेली वस्तू आहे. टी-२ ला किंवा नैरोबीला कोणी विचारलंच तर तुमच्याकडे उत्तर नाही. चोरबाजार काही पावती देत नाही.

दुसरं कारण ऑप्टिक्सचं. ७×५० मधून निघणारा प्रकाशाचा झोत ५० भागिले ७, म्हणजे ७ मिलिमीटरचा. तेवढी बाहुली अंधारात, तीही तरुणपणी उघडते. चाळिशीनंतर पाच-सहा मिलिमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. मारा रिझर्व्हमध्ये गाड्या साधारण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा फिरतात, म्हणजे त्या किलोभर काचेचा फायदा मिळायची वेळ कॅम्पवर जेवणात जाणार. तुमच्या ८×४२ चा झोत सव्वापाच मिलिमीटरचा आहे, पहाटेलाही भरपूर.

आयएसबद्दल: गाडीचं इंजिन चालू असताना, चार माणसं हलत असताना दहापट मोठं चित्र थरथरतं, तिथे आयएस खरंच कामाची. पण आत हलणारे भाग आहेत, म्हणून ती कुठल्याही परिस्थितीत चेक-इन नको, आणि पिशवीत ठेवताना बटण दाबलेलं राहत नाही ना बघा, नाहीतर सेल संपलेला सापडेल. इंजिन बंद करून कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवता येत असेल तर साधी ८× तेच काम निम्म्या पैशात करते.

मुलाचं. दोन गोल दिसतात कारण त्याच्या बाहुल्यांमधलं अंतर दुर्बीण मिटून जेवढं होतं त्यापेक्षा कमी आहे. मोठ्या दुर्बिणी साधारण ५६ मिलिमीटरपर्यंत मिटतात, आठ वर्षांच्या मुलाचं अंतर ५०–५५ असू शकतं. घरी मोजा: त्याला लांब कुठेतरी बघायला सांगा, नाकावर पट्टी आडवी धरा, एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत. आकडा ५६ च्या खाली आला तर दोन बिजागरांची, घडी होणारी ८×२५ घ्या. ती बरीच जास्त मिटते, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, त्याच्या स्वतःच्या गळ्यात राहील आणि तुमची ८×४२ तुमच्याकडे. दुकानात मुलाला घेऊन जा, त्याशिवाय विकत घेऊ नका. झोत ३ मिलिमीटरचा असल्याने पहाटे अंधुक दिसेल, दिवसा काहीच फरक जाणवणार नाही. दोन बिजागरांपैकी एक सैल, एक घट्ट असेल तर ती नाकाच्या मध्यावर बसत नाही, दोन्हींचा ताण सारखा आहे का ते फिरवून बघा.

त्याला लावून द्यायची पद्धत: आधी दोन्ही नळ्या पूर्ण मिटा, मग हळूहळू उघडत न्या आणि ‘एक गोल झाला की सांग’ म्हणा. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस, नंतर डावा झाकून उजव्या आयपीसची कडी. कडीवर त्या जागी पांढऱ्या पेनाने ठिपका द्या, कारण बहिणीच्या हातात गेली की ती फिरणारच.


शिवडीकर

मोजलं, ५३ भरलं. रविवारी त्याला घेऊन फोर्टात जातो. ७×५० कपाटात.

एक शेवटचं: मारातली धूळ काचेवर बसली तर रोज पुसायची का?


गोरेगावची मैना

रोज नको. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच आहे, कोरड्या फडक्याने घासली की कोटिंगवर गोल ओरखडे पडतात आणि सूर्य समोर आला की धुरकट दिसतं. संध्याकाळी दुर्बीण उलटी, भिंग खाली करून रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश. बोटाचा ठसा किंवा सनस्क्रीनचा डाग असेल तरच द्रावण, तेही कापडावर, काचेवर थेट नाही, म्हणजे कडेने आत झिरपत नाही. टीशर्टचं टोक वापरायचं नाही, फुंकर मारून ओलसर करायचं नाही. पहाटेच्या गारठ्यातून उबदार जागी आणल्यावर काच धुकाळली तर पुसू नका, केस बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं हवेशी जुळू द्या. मुंबईला परत आल्यावरही तसंच, एसी गाडीतून उतरून घरी बॅग लगेच उघडू नका.